मान हलवायची नाही

सुकलाल नानांसमोर नुसती मान हलवायची सोय नाही. लगेच भडकतात. "मान हालावू नको! काय समजनं ते सांग." माझ्या भाच्याच्या लग्नात भटजींनी काहीतरी विचारलं आणि नवरदेवाने मान डोलावली, तर हे मांडवातून ओरडले, "त्याले परत इचारा!" नवरीकडचे अजून त्यांना मुलाचे सख्खे काका समजतात.

नाना एसटीतले निवृत्त कंडक्टर. उभी हयात तोरणमाळच्या घाटात गेली, तिथेच डोंगरातल्या पाड्यांवरची पावरी बोली शिकले. आमच्या तालुक्याच्या सरकारी दवाखान्यात डॉक्टर आहेत, यंत्रं आहेत, भिंतीवर शुद्ध मराठीत सूचनाही आहेत. फक्त डोंगरातून उतरलेल्या माणसाचं बोलणं कळणारं कोणी नाही. अर्ज करकरून थकलो, मग गल्लीतल्या आम्हा पाच-सहा जणांनीच दवाखान्याच्या दाराशी दुभाष्याचं टेबल मांडलं. टेबल मंडपवाल्याचं, स्टुलाची गादी रशीदभाई टेलरची, पावरी नानांची. मी शाळेतून निवृत्त झालेली बाई. पावरीचे चारच शब्द येतात, म्हणून मी नुसते केसपेपर वाचून दाखवते.

नानांचा नियम एकच. "जसं चढनं तसं उतारनं. मधमा काही टाकानं नही, काढानं नही." एकदा पाड्यावरच्या एका म्हाताऱ्याला तपासताना डॉक्टर वैतागून पुटपुटले, "या म्हाताऱ्याला अक्कल नाही." नानांनी ते म्हाताऱ्याला पावरीत जसंच्या तसं सांगितलं. म्हातारा काहीतरी बोलला. नाना डॉक्टरांकडे वळले, चेहऱ्यावरची रेषही न हलवता म्हणाले, "तो म्हने, सुई पहिले तुम्हना जिभले टोचा." त्या दिवशी टेबल जवळजवळ रस्त्यावर आलं होतं.

हे वेड कुठून आलं, ते गल्लीला ठाऊक आहे. नानांची बायको दूरच्या शहरात मोठ्या दवाखान्यात होती. "डॉक्टर इंग्रजीमा बोलना, मी मान हालावी. मी समजनू, सुट्टी दी ऱ्हायना." बायको आता चालत घरी येणार म्हणून नाना तिला नव्या चपला घ्यायला बाजारात गेले. डॉक्टर खरं तर सांगत होते, आता जवळ बसून राहा. नाना चपला घेऊन परतले तेव्हा ती गेलेली होती. हे सांगताना ते रडत नाहीत. मला मात्र दर वेळी गलबलून येतं.

गेल्या हिवाळ्यात वरच्या पाड्यावरून एक बाई तान्हं बाळ घेऊन आली. पोहोचायला फार उशीर झाला होता. नवी डॉक्टरीण बाहेर आली, अगदी पोरसवदा. "नाना, त्यांना सांगा. आम्ही बाळाला वाचवू शकलो नाही."

नाना त्या बाईसमोर जमिनीवर बसले आणि सगळं सांगितलं. तिच्या डोळ्यांत टिपूस नाही. ती हळू आवाजात काहीतरी बोलली.

"काय म्हणाल्या?" डॉक्टरणीने विचारलं.

"काही नही. पानी मांगस."

माझ्या चार शब्दांत पाणी येतं. ती पाणी म्हणालीच नव्हती. मी नानांच्या मागोमाग नळापाशी गेले. त्यांनी पेला नळाखाली धरला.

"आज मी खोटं बोलनू, बाई. ती इचारी ऱ्हायनी, दूध भरी उनं शे, आते कोनले पाजू? ती डॉक्टरीन पोर शे. तिले कसं सांगू?"

मी म्हटलं, "नाना, तिने विचारलंय. उत्तर नको का मिळायला?"

ते परत गेले आणि तिचे शब्द जसेच्या तसे सांगितले. डॉक्टरीण रडली. मग डोळे पुसून तिने त्या बाईला पडद्यामागे नेलं. दूध कसं काढायचं, छातीत गाठ झाली तर काय करायचं, ताप आला तर कधी यायचं, ती एकेक सांगत गेली. नाना पडद्याबाहेर भिंतीकडे तोंड करून उभे राहिले आणि एकेक वाक्य पावरीत आत पोहोचवू लागले.

डॉक्टरणीचं सांगून झालं. नाना थांबले नाहीत. पावरीत बोलतच राहिले, खूप वेळ, आता डॉक्टरणीचं नाही, स्वतःचं. काय, ते मला कळलं नाही आणि मी कधी विचारलंही नाही. आत ती बाई पहिल्यांदा मोठ्याने रडली.