जनुभाऊंचा मे महिना

गुढीपाडवा झाला, की जनुभाऊ निमकर अंगातला स्वेटर काढून ट्रंकेत ठेवत, वर डांबराच्या गोळ्या टाकत आणि ट्रंकेला कुलूप लावत. मग बाहेर बर्फ पडो की गारा. आम्ही होतो म्युनिकमध्ये आणि तिथला मार्च महिना काय असतो ते तिथे राहिलेल्यालाच ठाऊक. पण चैत्र लागला म्हणजे उन्हाळा लागला, हा जनुभाऊंचा हिशेब. ट्रामच्या थांब्यावर सगळं गाव ओव्हरकोटात मान खुपसून उभं असायचं आणि त्यात हा एक गृहस्थ अर्ध्या बाह्यांच्या पांढऱ्या शर्टात. ओठ निळे पडलेले, दात वाजताहेत, पण चेहरा असा, की काय मेलं उकडतंय! कोणी काही विचारलंच तर उत्तर ठरलेलं असायचं. "हवा त्यांची, ऋतू आपले."

ही साठ सालानंतरची गोष्ट. मी रसायनशास्त्रात डॉक्टरेट करायला गेलो होतो. जनुभाऊ माझ्यापेक्षा दहा-बारा वर्षांनी मोठे, मूळचे सांगलीचे. धरणाच्या सांडव्यावरून पाणी कसं पडतं यावर त्यांचं संशोधन चाललेलं. प्रयोगशाळेत लाकडाचं लांबलचक धरण बांधलेलं होतं. त्यातून पाणी सोडायचं आणि डोळा अगदी पाण्याच्या रेषेत आणून तासन् तास बघत बसायचं, हे त्यांचं काम. त्या कामात त्यांचा हात धरणारं कोणी नव्हतं. जर्मन मंडळीसुद्धा अडलं की "हेर निमकर" करत त्यांच्याकडे येत.

उन्हाळा म्हटला की त्याचे सगळे सोपस्कार आलेच. मे महिन्यात जनुभाऊ दुपारी जेवले की प्रयोगशाळेतच सतरंजी अंथरून वामकुक्षी करत. एकदा त्यांचे प्रोफेसर नेमके तेव्हाच आत आले. दुसरा कोणी असता तर धडपडून उठला असता. जनुभाऊंनी पडल्या पडल्या त्यांना समजावून सांगितलं, की डाव्या कुशीवर निजल्याने अन्न नीट पचतं. जर्मन माणसाला कारण दिलं की त्याचं समाधान होतं. प्रोफेसर "आल्झो", म्हणजे "अस्सं होय", म्हणाले आणि दार हळूच लावून गेले.

आणि पन्हं! कैरी कुठून आणणार? मग जनुभाऊंनी रबार्बर शोधून काढलं. लालसर दांड्यांची ही भाजी तिकडे वसंतात बाजारात येते, चवीला अशी आंबट की डोळे मिटतात. ती उकडून, गाळून, साखर-वेलदोडा घालून ते पन्हं करत आणि आम्हाला ग्लास भरभरून पाजत. बाहेर पारा शून्याला टेकलेला, आम्ही कुडकुडतोय आणि हे मला विचारताहेत, "काय रे वसंता, पोटात गारवा वाटला की नाही?" वाटला म्हणजे काय, हाडापर्यंत वाटला!

पण नुसतं हसून सोडून द्यावा असा हा माणूस नव्हता. आमच्यापैकी जो कोणी नवीन पोरगा देशातून यायचा, त्याला उतरवून घ्यायला स्टेशनावर जनुभाऊ हजर. हातात चहाचा थर्मास. नाव-गाव पुढे, आधी चहा. मला फ्लू झाला तेव्हा तीन जिने चढून रोज मेतकूट-भात घेऊन येत होते. मी एकदा भारावून काही बोलायला लागलो, तर म्हणाले, आधी तो भात संपव, गार झाला की गिळवत नाही.

इतकी वर्षं ते एकटेच होते. जनुभाऊंची आई अंथरुणाला खिळलेली, म्हणून त्यांच्या पत्नी कमलवहिनी सांगलीतच राहिल्या होत्या. सासूबाई गेल्या आणि वहिनी बोटीने, मग आगगाडीने, म्युनिकला आल्या. आल्या त्या नेमक्या बासष्ट-त्रेसष्टच्या हिवाळ्यात. तो हिवाळा म्हातारे जर्मनसुद्धा अजून विसरले नसतील. नद्या गोठल्या, नळ फुटले, खिडकीच्या काचांना आतून बर्फ धरला. फुटपाथवर बर्फाचे एवढे ढीग, की समोरच्या माणसाची नुसती टोपी दिसायची.

वहिनी सांगलीला दिवसभर बोलणाऱ्या बाई. शेजारणीशी बोलायच्या, भाजीवालीशी बोलायच्या, कोणी नसलं तर तुळशीशी. इथे बोलणार कोणाशी? घरमालकीण फ्राऊ हूबर तर आवाजाची वैरीण. दुपारी भांडं वाजलं, की खालून काठीने छत ठोकायची. हळूहळू वहिनी घरातही कुजबुजायला लागल्या आणि मग कुजबुजायच्याही थांबल्या. मी गेलो की चहा पुढे ठेवायच्या आणि खिडकीशी जाऊन बसायच्या. फेब्रुवारीत एक दिवस त्यांनी जनुभाऊंना सरळ सांगितलं, मला परत पाठवा.

जनुभाऊ हबकले. त्या संध्याकाळी माझ्याकडे येऊन बसले आणि पहिल्यांदाच मला हा माणूस थकलेला दिसला. त्यांनी वहिनींकडून मुदत मागून घेतली होती. मे महिना येऊ दे. मी तुला इथला डोंगर दाखवतो, हिरवी कुरणं दाखवतो, फुलं दाखवतो. तरीही नाही आवडलं, तर जूनच्या बोटीचं तिकीट काढतो. वहिनींनी मान डोलावली होती. तेवढ्यावर जनुभाऊ तीन महिने जगले.

मला म्हणाले, तूही चल. आम्ही दोघंच असलो की ती गप्प राहते, तू असलास तर निदान तुझ्या जेवणाखाण्याची चौकशी तरी करील. मी निघालो.

मेच्या पहिल्या आठवड्यात आम्ही आल्प्समधल्या बेर्ख्टेसगाडेनला उतरलो आणि बसने कोनिगसे तलावाशी गेलो. आज तो सगळा मुलूख राष्ट्रीय उद्यान आहे, बघायला ही झुंबड उडते. तेव्हाही संरक्षित होताच, आणि माणसंही यायची, पण असं रांगा लावून नाही. बेत असा, की तलावाच्या बाजूने वर चढून कुरणात जायचं, गाई, फुलं, लाकडी घर बघायचं आणि संध्याकाळी खाली यायचं. मे महिना म्हणून जनुभाऊंनी वहिनींना सुती पातळ नेसायला लावलं होतं. पायात कॅनव्हासचे बूट. उन्हासाठी छत्री. पिशवीत पन्ह्याची बाटली, ती अर्थात माझ्या खांद्यावर.

बसमधून उतरलो आणि तिघेही नुसते उभे राहिलो. डोंगर पांढराफटक. माथ्यापासून जवळजवळ पायथ्यापर्यंत बर्फ. हिरवं म्हणावं तर तलावाच्या कडेला हातभर. जनुभाऊ म्हणाले, वर गेलं की असेल. मी म्हटलं, जनुभाऊ, वर गेलं की बर्फ वाढतो. ते ऐकायच्या मनःस्थितीत नव्हते. ताडताड पुढे निघाले आणि पाचशे पावलांवर वाट एका लाकडी अडसराने बंद केलेली. तिथे एक वनरक्षक पाइप ओढत बसला होता. त्याने वहिनींच्या बुटांकडे पाहिलं, छत्रीकडे पाहिलं आणि नाही म्हणून मान हलवली. वर अजून कमरेइतका बर्फ आहे, यंदा कुरणं जूनअखेरपर्यंत उघडत नाहीत.

"पण मे महिना आहे," जनुभाऊ म्हणाले.

"गेनाऊ, अगदी बरोबर," तो म्हणाला. "मे आहे, म्हणून तर बर्फाचे कडे सुटताहेत."

तेवढ्यात समोरच्या कड्यावरून काहीतरी गडगडलं. पांढऱ्या धुराचा लोट उठला आणि सावकाश खाली बसला. पाण्याचा एवढा मोठा जाणकार, बर्फ कधी वितळतो आणि कधी सुटतो ते कागदावर मांडून दाखवणारा माणूस. पण बायकोला दाखवायच्या उन्हाळ्यापुढे त्याला सगळ्या विद्येचा विसर पडला होता. मला हसूही येत होतं आणि कणवही.

वहिनींचे बूट भिजून पाय लाल झाले होते. जनुभाऊंनी त्यांच्याकडे पाहिलं आणि अगदी हळू आवाजात म्हणाले, "असा निघाला बघ मे महिना. मी शब्द फिरवणार नाही. परत गेलो की तिकीट काढतो." वहिनींनी पदर नीट केला आणि नुसतं बरं म्हटलं.

आता करायचं काय? परतीच्या बसला चार तास होते. तलावात नाव चालू होती, म्हणून मीच म्हटलं, निदान पाण्यावरून तरी फिरून येऊ. जनुभाऊ एकदम नको म्हणाले. थंडी आहे, ती गारठेल, असं काहीबाही सांगायला लागले. पण वहिनींनाच बसायचं होतं, पाय दुखत होते. बसलो.

नाव विजेवर चालणारी, आवाज म्हणून नाही. दोन्ही बाजूंना सरळ उभे कडे, त्यांवरून बर्फाचं पाणी हजार धारांनी खाली येतंय आणि तलाव हिरवागार. प्रवासी आम्ही आणि एक म्हातारं जोडपं. तलावाच्या मध्यावर नावाड्याने नाव थांबवली. पांढऱ्या मिशांचा जाडजूड बव्हेरियन म्हातारा. त्याने बाकाखालून कर्णा काढला, कड्याकडे तोंड करून चार सूर वाजवले आणि थांबला. क्षणभराने तेच सूर कड्याने जसेच्या तसे परत दिले. वहिनींनी चार महिन्यांत पहिल्यांदा डोळे मोठे केले.

कर्णा खाली ठेवून नावाडी जनुभाऊंकडे वळला. यंदा हाक नाही का मारायची, असं त्याने विचारलं. जनुभाऊ कानापर्यंत लाल झाले आणि पाण्यात बघायला लागले. मग म्हाताऱ्याची नजर वहिनींवर गेली. त्याच्या मिशा फुलल्या. बोट दाखवून तो म्हणाला, "कमाल? इस्ट दास कमाल?" हीच का ती?

वहिनींना जर्मन येत नव्हतं, पण स्वतःचं नाव येत होतं. त्यांनी मला विचारलं, "ह्या नावाड्याला माझं नाव कसं ठाऊक?"

मी नावाड्याला विचारलं. जनुभाऊ डोळ्यांनी मला गप्प राहा म्हणून सांगत होते, पण म्हाताऱ्याला कोण आवरणार? त्याने सगळं सांगितलं. हा गृहस्थ दर वसंतात इथे येतो, एकटाच. मोसमाची गर्दी सुरू व्हायच्या आत. नाव इथे थांबली, की उभा राहून जोरात एकच शब्द ओरडतो, कमल. कडा तो परत देतो. मग हा खाली बसतो आणि शेवटपर्यंत कोणाशी काही बोलत नाही. आम्ही नावाडी त्याला कमल म्हणूनच ओळखतो. मे महिन्यात दोन दिवस जनुभाऊ कुठे नाहीसे होत, ते मला तेव्हा कळलं. आम्ही विचारलं की म्हणायचे, उन्हाळ्याची सुट्टी.

मी शब्दन् शब्द वहिनींना सांगितला. तुम्हाला म्हणून सांगतो, जनुभाऊंच्या तोंडून मी तोवर हे नाव ऐकलं नव्हतं. घरात "अगं" आणि चारचौघांत "घरची मंडळी". त्या काळी बायकोला सगळ्यांसमोर नावाने हाक मारणं म्हणजे केवढा धीटपणा! आणि सासू आजारी, घर भरलेलं, म्हणून लग्नानंतर सांगलीतही त्यांनी कधी मारली नसणार. ती त्यांनी इथे येऊन, परमुलखातल्या कड्याला मारून घेतली होती.

वहिनी जनुभाऊंकडे वळल्या. नावाडी थांबला होता, म्हातारं जोडपं थांबलं होतं. जनुभाऊ काहीतरी सावरून घेण्यासाठी म्हणाले, "त्या कड्याचा आवाज कसा परत येतो ते बघायचं होतं. शास्त्रीय कुतूहल."

"तिकीट काढू नका," वहिनी म्हणाल्या.

जनुभाऊंना ऐकू आलं नसावं, किंवा खरं वाटलं नसावं. मग वहिनी फ्राऊ हूबरचा सगळा धाक झुगारून, चांगल्या सांगलीच्या खणखणीत आवाजात म्हणाल्या, "इतकी वर्षं दगडाला हाका मारल्यात ना? आता मला मारा. मी आलेय."

जनुभाऊ उभे राहिले. कड्याकडे पाहिलं, आमच्याकडे पाहिलं. ते पुन्हा खाली बसले, वहिनींच्या अगदी शेजारी, आणि इतक्या हळू म्हणाले, की कड्यापर्यंत काही ते पोचलं नसेल.

"कमल."

"ओ," वहिनी म्हणाल्या.