वायरीचा घोटाळा व येडगावच्या चढाची फत्ते

श्रीकृपेकरून लिहिण्यास कारण ऐसे की, दादाभाऊ नारायणगावकर व रामनाथराव मंचरकर या उभयतां व्याह्यांमध्ये येडगाव धरणाच्या चढावर सायकलींची जी लढाई जाहली, तिच्याविषयी बाजारात भलभलत्या वार्ता उठल्या. सबब खरे वर्तमान, कोणाची भीड न धरिता, लिहिले आहे.

राजश्री दादाभाऊ म्हणजे टोमॅटोचे मातब्बर आडते, अंगाने भारदस्त, मनाने हळवे. कन्या चि. सौ. आरती मंचरास कांदा-बटाट्याचे व्यापारी रामनाथराव यांची सून जाहली, आणि त्या मुहूर्तापासून दादाभाऊंस 'मुलीचा बाप' हा किताब चिकटला. मग व्याही बोलतील त्यास मान डोलवावी, आहेराची टोपी लहान पडली म्हणून चारचौघांत ऐकून घ्यावे, ऐसा दस्तूर. पुढे डॉक्टरी हुकुमाने उभयतांस सायकलीचा नाद लागला, तेथेही दादाभाऊ इमानाने व्याह्यांच्या मागेच चाक ठेवीत आले. यंदा मात्र त्यांनी मनाशी बांधिले की, एकवार तरी व्याह्यांस आपली पाठ दाखवावी, तीही पुढे राहून. हे बायकोसही बोलले नाहीत.

तो येडगावच्या चढाच्या मोहिमेच्या तोंडावर घात जाहला. भर पेठेत एका जीपने दादाभाऊंच्या सायकलीस धक्का दिला, आणि डिरेलर, म्हणजे मागल्या चकत्यांवर साखळी इकडून तिकडे नेणारा सरदार, जायबंदी जाहला. त्याच सुमारास रामनाथरावांनी हाताने तार ओढावयाचे जुने खटके टाकून, बटण दाबताच विजेने गिअर पाडणारे खटके बसविले, आणि त्यांस विजेवरलाच डिरेलर हवा जाहला. उभयतांनी एकमेकांस न कळविता पुण्याच्या एकाच दुकानी फोन लाविला. दुकानदाराने पुसिले की, वायरवाला द्यावा की बिनवायरचा? दादाभाऊंच्या मनी ब्रेकसारखी लोखंडी वायर. त्यांनी वायरवाला फर्माविला. रामनाथरावांच्या मनी विजेची वायर; त्यांनीही वायरवालाच फर्माविला. मग दुकानदाराने अदमासाने एक तारेचे व एक विजेचे ऐसी दोन खोकी रवाना केली आणि एकाचा सरदार दुसऱ्याच्या छावणीत दाखल जाहला.

दादाभाऊंनी मोठ्या हौसेने डिरेलर चढविला आणि तार कोठे अडकवावी ते पाहू लागले, तो जागाच नाही. मग पक्कड चालली, मग तोंड चालले, मग शेजारचे गेणभाऊ, ज्यांचे पूर्वी सायकलीचे दुकान होते, धावून आले आणि वदले, "आवो भाऊ, ह्याला तार न्हाई, करंट लागतो. तुमचं खटकं हातानं वढायचं. ह्याचं न् त्याचं जन्मात जमायचं न्हाई." तेव्हां मोटरसायकलीची बॅटरी जोडावी ऐसी मसलत दादाभाऊंनी काढिली, ती गेणभाऊंनी जागीच मोडिली.

इकडे मंचरी आरतीबाईंनी पाहिले की, सासरे तारेचा डिरेलर मांडीवर घेऊन त्यास वीज कोठे जोडावी ते धुंडीत आहेत. बाई शहाणी. तिने तात्काळ बापास फोन केला, तिकडलेही रडगाणे ऐकिले आणि वदली, "आण्णा, नानांकडं तुमचा हाय आन् तुमच्याकडं नानांचा. बदलून घ्या की."

दादाभाऊंस मोठा पेच पडला. न द्यावा तर आपण घरी. द्यावा तर गनीम विजेच्या बळाने चालून येणार. अखेर आरतीबाईंची वकिली मान्य होऊन कळंबच्या चहाच्या टपरीवर तह जाहला, आणि चूक समस्त दुकानदाराची, ऐसे एकमताने ठरले.

मग रविवारी प्रातःकाळी फौजा निघाल्या. रामनाथराव बटणे दाबीत, गिअर पाडीत, वाऱ्यासारखे पुढे गेले, आणि दादाभाऊंच्या वाट्यास पुन्हा व्याह्यांची पाठ आली. उतारावर रामनाथरावांनी साखळी सर्वांत लहान चकतीवर टाकून दौड मारिली आणि चढाच्या पायथ्याशी हलका गिअर मागितला, तो सरदार हलेना. बॅटरी चार्ज करावयाची राहिली होती! जड गिअरमध्ये रामनाथराव घामाघूम जाहले. मागून दादाभाऊंनी खटका ओढिला, तार ताणली, साखळी मोठ्या चकतीवर चढली, आणि ते बरोबरीस आले.

"पावणं, दम खा की जरा. बॅटरी बसली, राव!" रामनाथराव वदले.

व्याह्यांचा शब्द! दादाभाऊंचे पाय आपसूक सैल पडले, बोटे ब्रेकवर गेली. जन्माची सवय, ती काय चढ पाहून जाते? इतक्यात माथ्यावर सासूबाईंशेजारी उभ्या आरतीबाईंनी, कोणाच्या तोंडाकडे न पाहता, मोठ्याने ललकारी दिली.

"आण्णा, थांबू नगा! या वर!"

दादाभाऊंच्या डोळ्यांस पाणी आले, रस्ता दिसेना, तरी पाय थांबले नाहीत.

येणेप्रमाणे येडगावचा चढ फत्ते जाहला. रामनाथराव सायकल ढकलीत मागाहून दाखल जाहले. लढाई राजश्री दादाभाऊंनी मारिली, हुकूम चि. सौ. आरतीबाईंचा होता, ऐसे दप्तरी नमूद केले असे.