दोन बोटं कमी

रविवारच्या उपदेशात पाळकसाहेबांनी खोट्या मापांचा विषय काढला आणि तिसऱ्या बाकावरचा कापडवाला सावरून बसला. पिशवीत दोन मापं बाळगणारा दुकानदार देवाला मुळीच खपत नाही, असं साहेब म्हणाले. म्हणताना त्यांची नजर आपल्यावरच थांबली, असं कापडवाल्याला वाटलं. बिचारा! तीस वर्षांत त्याने कुणाला टाचणीइतकंही फसवलं नव्हतं. पण असली बोलणी अशाच माणसांना लागतात.

सोमवारी दुकान उघडताच त्याने वडिलांच्या वेळची लोखंडी मीटरपट्टी शेजारच्या शिंप्याकडे नेली आणि त्याच्या टेपला लावून पाहिली. पट्टी दोन बोटं कमी भरली.

"तरी मी म्हणतच होतो, तुमचं कापड कमी पडतं," शिंपी म्हणाला.

कापडवाल्याने तडक दुकानाला कुलूप घातलं. घरी येऊन बायकोला म्हणाला, "लोकांचं परत करायचं. मीटरमागे दोन बोटं."

"अहो, शिवून विरलेल्या कपड्यांना आता दोन बोटं कुठे जोडणार लोक?"

"ते त्यांचं ते बघतील. मला रात्री झोप तर येईल!"

ताग्यामागून तागे काढून तो पट्ट्या कापत सुटला. एका आजीबाईंनी आपली चार बोटांची पट्टी उलटसुलट करून पाहिली. "बाबा रे, याने मी चष्मा पुसू का?" ज्यांनी जन्मात त्याच्याकडून कापड घेतलं नव्हतं, तेही रांगेत उभे राहिले. आणि पट्टी घेऊन बाहेर पडलेले लोक म्हणू लागले, "तीस वर्षं लुबाडलंन्, म्हणूनच वाटतोय."

हे कानावर आलं तेव्हा त्याला रडू यायचंच बाकी राहिलं. लोखंडी मीटरपट्टी बगलेत मारून तो स्वतःहून वजनमाप कार्यालयात हजर झाला.

"साहेब, मी गुन्हेगार आहे."

अधिकाऱ्याने पट्टी सरकारी मापाला लावली. पुन्हा लावली. "अहो, केसाचाही फरक नाही! तुम्ही ताडून पाहिलीत तरी कशाशी?"

शिंप्याची टेप वीस वर्षं गळ्यात लोंबून हळूहळू ताणली गेली होती. अंगही तिनेच मोजायचं आणि कापडही, त्यामुळे कपडे नीट बसत. कापड तेवढं कमी पडे आणि बोल लागे कापडवाल्याला.

पुढच्या रविवारी पाळकसाहेबांनी त्याला सगळ्यांसमोर उभं करून त्याच्या सचोटीचं कौतुक केलं. लोकांनी माना खाली घातल्या. आजीबाईंनी पट्टी परत आणली होती, घडी घालून. कापडवाल्याचे डोळे भरून आले. शिंप्यानेही उठून नवी टेप घेतल्याचं जाहीर केलं.

सभा सुटल्यावर कापडवाला दाराशी छत्री शोधत होता. खांबाआडून साहेबांचा दबका आवाज आला.

"परवा नव्या टेपने माझी कंबर मोजलीत, ती किती भरली?"

"दीड इंच जास्त, साहेब."

 दरवर्षी थोडी थोडी उतरत चाललेली कंबर हा आपल्या संध्याकाळच्या फिरण्याचा गुण, असं साहेब घरोघरी सांगून बसले होते.

"असं करा," ते म्हणाले, "कापडाला नवी टेप लावा. माणसांसाठी जुनी असू द्या, पिशवीत."

एवढ्यात त्यांना छत्री घेऊन उभा असलेला कापडवाला दिसला.

त्याच्या पुढच्या रविवारी उपदेशाचा विषय होता क्षमा.