अपाय आढळला नाही

एका जंगलात, पोरांनो, विद्वान फार माजले होते. हसू नका. पुढं रडायचंय.

त्या जंगलात काटेराव नावाचं एक साळिंदर रसायनं उकळत बसायचं. वनराजांनी एका जुन्या भुकटीवर बंदी घातली होती, कारण ती खाल्ली की प्राण्यांना नाही नाही ते दिसायचं. काटेरावानं काय करावं? त्या भुकटीच्या रेणूतला कोपऱ्यातला एक अणू काढला आणि तिथं दुसरा डकवला. झाली नवी भुकटी! बंदीच्या यादीत हिचं नावच नाही. मग अडवतो कोण?

काटेरावानं स्वतः नखभर चाखली आणि वहीत लिहिलं : "चव कडू. दगड गायले. सहा तास. अपाय आढळला नाही."

बस्स. एक साळिंदर, एक दुपार. एवढाच अभ्यास.

त्यावर घुबडशास्त्र्यांनी चाळीस पानी ग्रंथ लिहिला. "मेंदूत कुलपं असतात," असं त्यात होतं, "त्यातल्या सेरोटोनिन नावाच्या रसायनाच्या कुलपात ही किल्ली बसत असावी." आणखी कुठल्या कुलपात बसते, ते बघायला कोण जातंय? शेवटच्या पानावर मात्र ठळक लिहिलं : "अपाय आढळला नाही." मग दुसऱ्या घुबडानं आपल्या ग्रंथात पहिल्याचा आधार दिला, पहिल्यानं दुसऱ्याचा. आंधळं दळतंय म्हटल्यावर पीठ खायला माकड आलंच. त्यानं पाणवठ्यावर भुकटीचं दुकान थाटलं आणि पाटी लावली, "शास्त्रसिद्ध! भीती जाते!"

आता भिकाजी उंदराचं ऐका. महाभित्रा. पान हललं की बिळात. त्याची बायको सोनाई एकटीच दाणे गोळा करून दमायची. भिकाजीला याची फार लाज वाटायची. पाटी वाचून त्याच्या मनात आलं, आपणही एकदा ताठ मानेनं तिच्यासोबत बाहेर पडावं.

सोनाई शहाणी. ती आधी शास्त्र्यांकडे गेली.

"शास्त्रीबुवा, आमच्या ह्यांनी घेतली तर चालेल ना? जीव लहान आहे हो त्यांचा."

"अपाय आढळला नाही, बाई," शास्त्रीबुवा डोळे न उघडताच म्हणाले.

सोनाईनं नमस्कार केला. एवढे शिकलेले, खोटं कशाला बोलतील?

भिकाजीनं नखभर घेतली. साळिंदराचं नखभर! अरे, साळिंदर केवढं, उंदीर केवढा! घटकाभरात त्याची छाती धडधडायला लागली, पाय वाकडे झाले. सोनाईनं त्याला ओढत अस्वलवैद्याकडे नेलं. वैद्यानं घाईघाईनं शास्त्र्यांना बोलावून घेतलं.

"बुवा, कुलपं हृदयातही असतात. तिथं ही काय करते? उतारा काय?"

"त्यावर अभ्यास नाही."

"मग अपाय नाही असं लिहिलंत कसं?"

"नाही असं कुठं लिहिलंय? आढळला नाही, असं लिहिलंय. भाषा नीट वाचत जा."

"शोधला होता का?"

"शोधला तर आढळतो ना, वैद्यराज!"

"अहो, आमचे हे चाललेत हो!" सोनाई किंचाळली.

तेव्हा कुठं शास्त्र्यांनी डोळे उघडले. त्यांनी वही काढली. "वा! उंदरावरचा प्रयोग राहूनच गेला होता."

भिकाजीनं सोनाईचं शेपूट घट्ट धरून ठेवलं होतं. भीती काही गेली नव्हती. दिवस मावळायच्या आत तो गेला.

ग्रंथाची दुसरी आवृत्ती निघाली. तिच्यात शास्त्र्यांनी एक ओळ वाढवली : "उंदरावरही चाचणी झाली. त्यानंतर उंदराची कसलीही तक्रार आढळली नाही."

तात्पर्य : पोरांनो, ज्याचा अभ्यास होत नाही, त्यात खोट निघत नाही. म्हणून आई अभ्यासाला बस म्हणाली, तर खुशाल नाही म्हणा. नापास व्हाल, पण एक दिवस शास्त्री व्हाल.