पडद्यावरची हाक

परातीवर बांगड्या खणकल्या आणि सकाळपासूनचा अबोला मोडला.

"मी नथ घालून शेळ्या चारायला कवा गेलते?" भाकरी थापता थापता छबुबाईंनी विचारलं.

सुकन्यानं फोन पालथा ठेवला. सासूबाईंच्या आयुष्यावरच्या सिनेमाची झलक तिनंच मोठ्या हौसेनं त्यांना दाखवली होती. "आत्याबाई, पिच्चरात तेवढं चालतंय. रामप्रसाद सर लई मोठे दिग्दर्शक हायत."

रामप्रसाद सरांचा एकही सिनेमा सुकन्यानं डोळे न पुसता पाहिला नव्हता. म्हणून तर वावटळीत उधळलेल्या शेळ्या छबुबाईंनी नुसत्या हाकेवर माघारी आणल्या, ही सगळ्या शिरूर कासारला ठाऊक असलेली गोष्ट तिनं सरांना कळवली होती आणि नको नको म्हणणाऱ्या सासूला राजी केलं होतं.

"तुझ्या शब्दावर हो म्हणले," छबुबाई म्हणाल्या. "आज गाव हसलं, तर उद्या कोणत्या तोंडानं शेळ्या घेऊन निघू?"

संध्याकाळी त्यांच्याच शेळ्यांच्या कुंपणाशेजारी पडदा लागला. सर स्वतः पहिल्या रांगेत. सुकन्या लेकीला, करिष्माला मांडीवर घेऊन सासूजवळ बसली. सुरुवात झकास झाली. नटीनं नुकतं जन्मलेलं करडू पदरात गुंडाळलं तेव्हा सुकन्याचे डोळे भरले. छबुबाईंनीही नाक ओढलं.

"हे बरं दावलंय," त्या पुटपुटल्या. सुकन्याचा जीव भांड्यात पडला.

मग पडद्यावर वावटळ आली. शेळ्या उधळल्या. नथ सावरत नटी टेकाडावर चढली आणि तिनं मंजुळ आवाजात हाक मारली, "यूऽऽ यूऽऽ यूऽऽ!" पडद्यावरच्या शेळ्या गुणी पोरांसारख्या माघारी फिरल्या.



"अगं बया," छबुबाई म्हणाल्या, "ही तर कुत्री बोलावती."

कुत्र्यांनाही तसंच वाटलं. आधी बिभीषणच्या हॉटेलापुढचं लंगडं आलं, मागोमाग अख्खी गल्ली शेपट्या हलवत पडद्यापुढं जमली. स्पीकर दणकट होता, त्यामुळे पलीकडच्या वस्तीवरचीही निघाली. भाकरी काही दिसेना, तेव्हा दोन्हीकडची एकमेकांवर तुटून पडली. त्या कालव्यानं शेळ्या बिथरल्या, काट्यांचं कुंपण मोडून माणसांत घुसल्या आणि बोकड पडद्यातून आरपार गेला, तोही नेमका नटीच्या नथीतून.

"गावात एवढी कुत्री कशी?" खुर्चीवर चढून उभे राहिलेल्या सरांनी विचारलं.

"तुमीच बोलावलीत, सर," सुकन्या म्हणाली.

गाव पोट धरून हसू लागलं. सासूकडं बघायची सुकन्याची छाती होईना.

छबुबाई उठल्या. पदर खोचला. जीभ टाळूला लावली. "ट्र्रऽऽ ट्र्रऽऽ हेऽऽ!"

शेळ्या जागच्या जागी थबकल्या. मग माणसांच्या पायांतून, खुर्च्यांखालून वाट काढत एकेक येऊन छबुबाईंना बिलगली. बोकड शेवटी आला, शिंगाला पडद्याची चिंधी अडकवून. हसणं थांबलं आणि शिट्ट्या सुरू झाल्या. फाटक्या पडद्यावर नटी अजून बोलतेय, याचं कुणाला भानही नव्हतं.

"ही हाक मला का सांगितली नाही?" सर खुर्चीवरूनच म्हणाले.

"सांगितलती की. तुमी म्हणलात, ट्र ट्र कानाला गोड लागत न्हाई," सुकन्या म्हणाली.

"माझ्या सुनेनं बरुबरच सांगितलतं," छबुबाई साऱ्या गावाला ऐकू जाईल अशा बेतानं म्हणाल्या. "चुकलं ते ह्यांच्या कानाचं."

सुकन्याची मान ताठ झाली. तेवढ्यात करिष्मानं तिचा पदर ओढला.

"मम्मे, आज्जीच्या शेळ्या खऱ्या हाकेला आल्या. मग पिच्चरातल्या शेळ्या खोट्या हाकेला कशा आल्या गं?"