तानाबाईंच्या रश्श्याचा वारा

राजमतीबाईंनी वरणाला हिंगाची फोडणी दिली आणि स्वयंपाकघरभर मटणाचा वास सुटला.

"आज परत!" त्यांनी पळी आपटली. "शिजवतेय तुरीची डाळ आणि वास बघा कसला! उद्या आपल्या जैनाच्या घरात कुणी पावणं आलं तर काय सांगायचं?"

वास शेजारच्या तानाबाईंच्या खानावळीतून येत होता. राजारामपुरीच्या त्या गल्लीत दोन्ही घरं वर्षानुवर्षं शेजारी होती, पण वासाची तक्रार कधी नव्हती. ती गेल्या महिन्यापासूनच सुरू झाली. राजमतीबाईंचे यजमान बाहुबलीअण्णा तरातरा खानावळीत गेले. तानाबाईंनी हातातला डाव वर करून छपराकडं दाखवलं.

"शेठ, धुराडं बघा. छपराच्या वर हाय का न्हाय? पुढं वारं वास कुटं नेतंय, ते मी काय सांगू?"

"मग महापालिकेत अर्जच देतो," असं म्हणत अण्णा घरी आले.

त्यांचा मुलगा अभिनंदन घाबरला. लहानपणी त्याचा अर्धा दिवस तानाबाईंच्या ओट्यावर जायचा. "अर्ज नको अण्णा. वारं कुठनं कसं येतंय, मी बघतो."

शाहूपुरीतल्या एका पंप बनवणाऱ्या कंपनीत तो नोकरीला होता. पंपातलं पाणी पात्यांवर आपटून कसं उसळतं, कुठं भोवरे धरतं, ते तो कॉम्प्युटरवर हुबेहूब घडवून बघायचा. अण्णांच्या मते ही रंगीत चित्रं काढायची नोकरी. रविवारी त्यानं आपलं घर आणि खानावळ मापं घेऊन लॅपटॉपवर उभी केली आणि त्यांच्यावर वारं सोडलं. लॅपटॉप इतका घुमायला लागला की राजमतीबाईंनी त्याच्यासमोर टेबलफॅन आणून ठेवला.

संध्याकाळी उत्तर आलं. खानावळीचा धूर सरळ येत होता, अण्णांच्याच गच्चीवरच्या नव्या टाकीवर आदळत होता आणि टाकीमागं गरगरत खाली, थेट स्वयंपाकघराच्या खिडकीत उतरत होता.

"म्हणजे वास आपलीच टाकी आणतेय?" अण्णांनी विचारलं. एवढी मोठी टाकी गेल्या महिन्यात त्यांनीच हट्टानं बसवली होती.

"आणत न्हाय, आडवी येतेय. तिला एक तिरका पत्रा लावू."

पत्रा लागला आणि दुसऱ्या दिवशी वरणाला वरणाचाच वास आला. "पोरानं वारं वळवलं," असं अण्णांनी आपल्या दुकानात येईल त्या गिऱ्हाइकाला सांगितलं.

दोन दिवसांनी समोरचे धान्याचे व्यापारी चन्नवीर कपाळावरच्या भस्मासकट दारात उभे राहिले.

"बाहुबलीअण्णा, पूजेला बसलो की पांढऱ्या रश्श्याचा वास! तुमचा पत्रा आमच्या देवघराकडं तोंड करून बसलाय की!"

अभिनंदननं लॅपटॉप उघडून पाहिलं. त्यानं चित्र रस्त्याच्या अलीकडंच थांबवलं होतं. पलीकडं कुणी राहतं, हे त्याच्या कॉम्प्युटरला ठाऊकच नव्हतं.

"तम्मा, पोरा, आता माझ्या घराचंबी चित्र काढ," चन्नवीर म्हणाले.

चन्नवीरांच्या गच्चीवर पत्रा लागला, तसा वास कोपऱ्यावरच्या क्लासात शिरला. गणिताचा तास चालू असताना पोरं एकेक करून जेवायला पळायला लागली. क्लासच्या सरांनी पत्रा लावला, तर वास दाताच्या दवाखान्यात गेला. तिथं तोंड उघडून बसलेले पेशंट आवंढे गिळायला लागले. मग डॉक्टरांनीही पत्रा लावला. आता वाऱ्याला कुणाचाच धाक उरला नव्हता. वास कधी कुणाच्या घरात शिरेल, याचा नेम राहिला नाही. तानाबाईंवर मात्र कुणीच चिडलं नाही. सगळी गल्ली अभिनंदनच्या दारात येऊन बसली.

त्यानं साहेबांच्या हातापाया पडून ऑफिसचा मोठा कॉम्प्युटर मागून घेतला आणि या वेळी मेन रोडपर्यंतची सगळी घरं, टाक्या, पत्रे त्यात घातले. उत्तर इतकं सोपं निघालं की सांगायची त्याला लाज वाटली. सगळे पत्रे काढायचे आणि तानाबाईंचं धुराडं टाक्यांच्या वर न्यायचं.

"हे आधी का सुचलं न्हाय?" अण्णांनी विचारलं.

"आधी मी फक्त आपलीच खिडकी बघत होतो."

सगळे मिळून खानावळीत गेले. आत बसायला जागा नव्हती, बाहेर माणसं ताटकळत होती. चन्नवीरांनी हात जोडले. "तानाबाई, धुराडं आम्ही वाढवून देतो. पत्रे काढून टाकतो."

तानाबाईंनी पदराला हात पुसले. "न्हाय."

"का हो?"

"पत्रं लागल्यापास्नं वास मेन रोडला जातोय. बसला थांबलेली माणसं वासामागनं चालत येत्यात. माझी दोन पातेली वाढली!" मग त्यांनी अभिनंदनला खुर्ची ओढून दिली. "पोरा, तुझीच करामत म्हणं ही. आता एवढं बघ. दवाखान्याचा पत्रा जरा डावीकडं वळवला, तर वास स्टँडपतोर जाईल का?"

अभिनंदननं घाबरून वडिलांकडं पाहिलं. अण्णा पोराच्या कानाशी वाकले.

"बघ की. स्टँडवर गेला म्हणजे गल्लीतनं तर गेला!"