सुगनबाईचं नाक

"अख्ख्या निजामाच्या राज्यात तूप ओळखणारं एकच नाक आहे, आणि ते माझ्या घरात आहे!"

राजूरच्या बाजारातला तुपाचा व्यापारी दीपचंद हे गिऱ्हाइकाला सांगे, गाडीवानाला सांगे, गणपतीच्या दर्शनाला आलेल्या अनोळखी माणसालाही हात धरून सांगे. नाक त्याचं स्वतःचं नव्हे हं! त्याच्या नाकाला हिंग आणि गूळ यांतला फरक कळला तरी खूप झालं. नाक होतं त्याच्या बायकोचं, सुगनबाईचं.

रीत अशी होती. बाजाराच्या दिवशी आसपासच्या खेड्यांतल्या बाया तुपाच्या चरव्या घेऊन दुकानापुढं बसत. मारवाड्याच्या घरातली बाई, ती काही चारचौघांत गादीवर येणार नाही. म्हणून गादीमागं पडदा. पडद्यातून काकणांनी भरलेला एक हात बाहेर येई. दीपचंद त्या हाताच्या पाठीवर तुपाचं बोट ओढी, हात आत जाई, आणि आतून "हं" असा हुंकार आला की तूप मापावर चढे. हुंकार नाही आला तर चरवी परत. कुणाची तक्रार नसे, कारण ते नाक कधी चुकलंच नव्हतं.

आणि त्या वर्षी तर त्या नाकावर सगळी मदार होती! जालन्याला आगगाडीनं कारखान्याचं वनस्पती तूप यायला लागलं होतं, आणि लोक ते खऱ्या तुपात मिसळतात असं जो तो कानात सांगत होता. त्यात जालन्याचे बडे अडते बद्रीनारायणशेट यांच्या मुलीचं लग्न निघालं. लग्नाचे पंधरा डबे तूप दीपचंदनं द्यायचं ठरलं.

"एक डबा जरी खोटा निघाला," शेटनी बजावलं, "तर भर मांडवात तुझी अब्रू जाईल, अन् माझीही!"

"बिलकुल बेफिकीर राहा!" दीपचंदनं छातीवर हात मारला.

पुढच्याच बाजारी पहिली चरवी आली तुळजाबाईची. ही जवळच्याच मळ्यातली शेतकरीण. दीपचंदच्या बापाच्या काळापासून तिचं तूप या दुकानात येत होतं. दीपचंदनं बोट ओढलं, हात आत गेला. आतून हुंकार नाही, भलताच आवाज आला.

"ओऽऽक्!"

दीपचंद गादीवरून उडालाच. "तुळजाबाई! काय घातलंय ह्यात?"

"काय घालीन? म्हशीचं लोणी कढवलंय शेटजी! दुसरं काय असतंय तुपात?"

दुसरी चरवी. "ओऽऽक्!" तिसरी. "ओऽऽक्!" चौथीला तर हात बाहेरच आला नाही, नुसताच आवाज आला. भेसळ! एका बाईनं नव्हे, सगळ्यांनी! त्यानं सगळ्या चरव्या परत केल्या आणि धावत पडद्यामागं गेला. सुगनबाई भिंतीला डोकं टेकून बसली होती, चेहरा पांढराफटक.

"काय झालं गं?"

"तुपाचा वास," ती कशीबशी म्हणाली. "सहन होऊन न्हाई राह्यला."

घ्या! नाकानं स्वतःच साक्ष दिली. आता आणखी काय पुरावा पाहिजे?

पण पुढचे दिवस दीपचंदचा जीव टांगणीला लागला. सुगनबाई सकाळी उठल्या उठल्या परसात धावायची. भाकरीचा तुकडा तोंडात घातला की बाहेर. फोडणीचा वास आला की बाहेर. एकदा तर नुसता दीपचंद जवळ येऊन बसला, तरी बाहेर! तो पाण्याचा तांब्या घेऊन तिच्या मागं मागं फिरायचा. त्याच्या मनानं घेतलं की भेसळीचं काहीतरी विष नाकावाटे हिच्या अंगात चढलंय, आणि चढवलं कुणी? आपणच, दर बाजारी हात पुढं करायला लावून!

"वैद्याला आणतो."

"वैद्य नको. उतरंल आपोआप."

"अगं, तू वाळून चालली! तुला काही झालं तर मी काय करू?" लग्नाला नऊ वर्षं झाली होती. घरात दोघंच. ती गेली तर दुकान, अब्रू, पंधरा डबे, सगळं चुलीत घालायचं की!

सुगनबाईनं त्याच्याकडं एकदा पाहिलं, काहीतरी बोलायला तोंड उघडलं, आणि पदर तोंडाला लावून पुन्हा परसात पळाली.

दुसऱ्या बाजारीही तेच झालं. आता खेड्यांतही वणवा पेटला. तुळजाबाईचा नवरा कडूबा सुनेला म्हणाला, "तूच काहीतरी मिसळलं असंन." सून रडत माहेरी गेली. ज्यांच्या चरव्या परत आल्या होत्या त्या बाया एकमेकींकडं वाकडं बघायला लागल्या. दोघींनी तर गणपतीपुढं दिव्यावर हात धरून शपथा घेतल्या.

तिसरा बाजार आला. लग्न चार दिवसांवर, आणि दीपचंदकडं एक थेंब तूप नाही! त्याला अन्न गोड लागेना. तेवढ्यात जालन्याकडून एक फिरता व्यापारी गाडीभर डबे घेऊन आला. "अस्सल माल हाय शेटजी. वास घेऊन बघा."

दीपचंदनं देवाचं नाव घेतलं आणि पडद्यातून आलेल्या हातावर बोट ओढलं. हात आत गेला. दीपचंदनं डोळे मिटून घेतले.

"हं," आतून आवाज आला. मग जरा थांबून, "हे बरं हाय."

दीपचंदला रडूच आलं! पंधराच्या पंधरा डबे त्यानं ठेवून घेतले, प्रत्येकावर लाखेची मोहर स्वतःच्या हातानं लावली आणि जालन्याला जायला बैलगाडी जुंपायला सांगितली. व्यापारी मात्र लगबगीनं निघून गेला.

डबे चढत होते तेवढ्यात तुळजाबाई तरातरा आली. "माझं खोटं, अन् हे खरं? बघू तरी काय खरं असतंय!" तिनं व्यापाऱ्यानं नमुन्याला उघडून ठेवलेल्या जादा डब्यात बोट घातलं, तळहातावर घेतलं, चोळलं, नाकाशी नेलं. पुन्हा नेलं.

"शेटजी, ह्याला तर वासच न्हाई! हे कारखान्याचं हाय!"

"काहीतरीच काय! सुगननं पास केलंय."

"तर मंग नाकच बघून येते!" असं म्हणत ती सरळ पडदा सारून आत घुसली. दीपचंद बाहेर उभा. आत कुजबूज झाली. उलटीचा आवाज झाला. पुन्हा कुजबूज. तुळजाबाई बाहेर आली तेव्हा तिचा राग कुठल्या कुठं गेला होता.

"आत जा," ती हळूच म्हणाली. "अन् ओरडू नका."

आत सुगनबाई डोळे पुसत होती. "दोन येळा आपल्याकडं गोड बातमी आल्ती," ती म्हणाली. "दोन्ही येळा तुम्ही दुसऱ्याच दिवशी बाजारभर पेढे वाटले. अन् दोन्ही येळा काय झालं ते तुम्हाला ठाऊक हाय. ह्या येळी मी ठरवलं, पाचवा लागल्याबिगर कुणाला सांगायचं न्हाई. तुम्हाला तर बिलकुलच न्हाई!"

दीपचंद आधी हसला, मग रडला, मग दोन्ही एकदम करायला लागला. विष नव्हतं! भेसळ नव्हती! तिला खऱ्या तुपाचा वास सोसत नव्हता, आणि ज्याला वासच नव्हता ते तेवढं चाललं होतं! पण लगेच तो घाबरला. आता हे तोंडातून निघालं, आणि पुन्हा काही झालं तर?

तुळजाबाई पडद्याशीच उभी होती. "माझ्या तोंडून शब्द फुटायचा न्हाई शेटजी. पण माझी सून माहेरी जाऊन बसलीय. तूप खरं हाय, एवढं तुम्ही चारचौघांत सांगा."

तेही बरोबरच होतं. पण सांगायचं कसं? कारण तर सांगायचं नाही!

दीपचंद बाहेर आला. बाया, गडी, कडूबा, सगळे जमले होते. त्यानं हात जोडले.

"चूक माझी हाय. तुमचं सगळ्यांचं तूप खरं हाय. झालं असं की... पडद्यामागं... उंदीर मेला होता!"

"तीन बाजार?" कडूबानं विचारलं.

"मोठा होता," दीपचंद म्हणाला.

कुणी हसलं नाही. बायांनी एकमेकींकडं पाहिलं आणि गंभीरपणे माना हलवल्या. कारखान्याचे डबे गाडीवरून उतरले, पंधरा नवे रिकामे डबे मांडले गेले, आणि एकेकीची चरवी मापावर चढायला लागली. कडूबा सुनेला आणायला निघाला. दीपचंदनं निःश्वास सोडला. निभलं! कुणाला काही कळलं नाही!

चरवी रिकामी करून जाता जाता एकीनं गादीवर कवठ ठेवलं. "उंदराला द्या, शेटजी."

दुसरीनं चिंचेचा गोळा ठेवला. "उंदराला सकाळी कोरडी भाकर द्या. अंथरुणातच. उठायच्या आधी."

"बराबर," दीपचंद म्हणाला आणि मान डोलावली.

शेवटी आली झुंबरबाई, राजूरची म्हातारी सुईण. तिनं शांतपणे चरवी मापावर ओतली, पदरानं हात पुसला आणि सहज विचारावं तसं विचारलं, "कितवा लागला उंदराला?"

"तिसरा!" दीपचंद म्हणाला.

दीपचंदनं दोन्ही हातांनी तोंड दाबून धरलं. पडद्यामागं काकणं खळ्ळकन वाजली. पण आता काय उपयोग? त्याच्या डोळ्यांत पाणीच आलं.

झुंबरबाई शेजारणीकडं वळली. "आज ऊन लई हाय, न्हाई का गं?"

"लई!" सगळ्या बाया एका सुरात म्हणाल्या.

"अन् उन्हानं कान बसत्यात बघा," झुंबरबाई म्हणाली. "शेटजी, तुम्ही काय म्हणले ते आमच्यातल्या एकीला बी ऐकू आलं न्हाई."